बंदुकीतला दोष

दुरुस्त केलेली बंदूक परत देताना माझा एक नियम आहे आणि त्या नियमावरून निम्मी गिऱ्हाइकं माझ्यावर वैतागलेली असतात. मालकाने माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने, ती चालवून दाखवल्याशिवाय मी ती दुकानाबाहेर जाऊ देत नाही. खरी काडतुसं नव्हेत, माझ्याकडे पितळेची खोटी काडतुसं आहेत, आत दारू नसलेली, ती भरायची आणि एकामागून एक फिरवून बाहेर काढायची. कुणाला घाई असते, कुणाला बायकोसमोर परीक्षा द्यावी लागते म्हणून राग येतो. येऊ दे. घरी गेल्यावर अडकली की शिव्या मला पडतात, त्यांच्या हाताला कुणी काही म्हणत नाही.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, माझं टेबल, कानशी आणि पान्यांचा पसारा. मागच्या खोलीत आमचे हे बंदुकांचे दस्ते बनवतात. लोखंड माझं, लाकूड त्यांचं. मधल्या भिंतीमुळे आमचा संसार टिकला असं ते आल्यागेल्याला सांगतात. भिंतीपलीकडून त्यांना माझा शब्द न् शब्द ऐकू येतो, हे मात्र सांगत नाहीत.

त्या दिवशी सकाळी दारात काठीचा आवाज आला आणि एक मध्यम वयाचा माणूस बगलेत बंदुकीची लांब पिशवी धरून आत शिरला. पाय मोडलेला नव्हता, पण मांडीपासून खालचा भाग त्याच्या मागून येत होता, जरा उशिराने. मी त्याला ओळखत होते. नदीपलीकडच्या दोघा भावांपैकी हा धाकटा. त्यांची हकीकत सगळ्या बाजाराला माहीत होती, त्यामुळे मलाही होती.

"ताई, बंदूक दादाची आहे," तो म्हणाला. "दोष शोधायचाय."

"दुरुस्त नाही करायची?"

"ती तर करायचीच. पण आधी दोष."

त्याने पिशवी उघडली. लिव्हरवाली जुनी शिकारी बंदूक. चापाभोवती लोखंडी कडी असते, तोच लिव्हर. गोळी झाडली की तो खाली ढकलायचा, पुरता, आणि तसाच परत वर ओढायचा. ढकलताना रिकामी पुंगळी बाहेर उडते, ओढताना नवी गोळी नळीत जाते. फार हुशार यंत्र आहे, आणि हुशार यंत्रासारखंच चिडकं. हिचा दस्ता मुठीपाशी उभा चिरलेला होता.

मी विचारलं, "कितव्या गोळीला अडकली?"

"दुसऱ्या. पहिली रानडुकराला लागली, पण ते पडलं नाही. वळलं. दादाने लिव्हर मारला आणि तो अर्ध्यातच बसला. वर येईना, खाली जाईना. तोवर डुक्कर माझ्यापर्यंत पोचलं होतं." त्याने मांडीवर हात ठेवला. "मग दादाने बंदूक उलटी धरली आणि दस्त्यानेच त्याला हाणत सुटला. तेव्हा कुठे ते पळालं."

"आणि आता दादा काय म्हणतात?"

"आता तो माझ्यासमोर जेवायला बसत नाही."

तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"आमचे वडील गेले तेव्हा मी लहान होतो. मला त्यानेच वाढवलं, ताई. शाळेत त्याने पोचवलं, बंदूक धरायला त्याने शिकवलं, लग्न त्याने लावलं. आता मी ओट्याशी पाणी प्यायला गेलो तरी तो उठून बाहेर जातो. वहिनीला त्याने सांगितलंय, बंदुकीत दोष निघाला तर ठीक. नाही निघाला, तर पोराचा पाय मी घालवला. पोरगा म्हणजे मी. पन्नाशीला टेकलो तरी."

"दोष असला तर निघेल," मी म्हणाले.

"निघायलाच पाहिजे," तो म्हणाला आणि उठला.

अशी माणसं मला आवडत नाहीत. उत्तर आधी ठरवून येतात आणि प्रश्न माझ्या टेबलावर ठेवून जातात.

मी बंदूक लगेच खोलत नाही. बिघडलेली वस्तू आधी बिघडताना बघावी लागते. खोलून, पुसून, तेल देऊन परत जोडली की पुष्कळदा ती सरळ चालायला लागते, आणि मग मूळ दुखणं काय होतं ते कधीच कळत नाही. म्हणून मी ती आली तशी, धुळीसकट, खोट्या काडतुसांनी भरली आणि फिरवायला लागले. सावकाश फिरवली. जोरात फिरवली. नळी वर करून, नळी जमिनीकडे करून, आडवी धरून, उलटी धरून फिरवली. काडतुसं टणाटण फरशीवर पडत होती. एकही अडकलं नाही.

"चालतेय की," भिंतीपलीकडून आवाज आला.

"तुम्ही तुमचा सरस उकळला का ते बघा," मी म्हणाले.

मग मी ती खोलली. आतलं तेल वाळून मधासारखं चिकट झालं होतं. कुणीतरी डोक्याला लावायचं तेल घातलं असावं, वास तसाच येत होता. लोक स्वतःच्या डोक्याची काळजी जितकी घेतात तितकी बंदुकीची घेत नाहीत, पण तेल मात्र एकच वापरतात. सगळे भाग रॉकेलमध्ये टाकून ब्रशने घासले. नळीखालच्या, गोळ्या भरायच्या लांब पुंगळ्यातली स्प्रिंग काढून बघितली, ताठ होती. पुंगळी ओढून काढणारा आकडा शाबूत होता, टोकाला धार होती.

शेवटी पाळणा हातात घेतला. खालच्या पुंगळ्यातून आलेली गोळी उचलून नळीच्या तोंडाशी आणणाऱ्या पट्टीला आम्ही पाळणा म्हणतो. लिव्हरचं नाक त्याला जिथे घासतं तिथे एक खाच पडली होती. नखाला लागेल एवढी. अशी खाच खोल गेली की पाळणा वेळेवर उठत नाही, दुसरी गोळी पहिलीच्या खाली घुसते आणि सगळं जागच्या जागी घट्ट बसतं. धाकट्याने सांगितलं होतं ते अगदी तसंच. पण ही खाच एवढी खोल नव्हती. अशा खाचेच्या बंदुका वर्षानुवर्षं चालतात. ही तर माझ्या डोळ्यांदेखत, उलटी धरूनसुद्धा, चालली होती.

मी ती परत जोडली आणि मला जे आधीच करायला हवं होतं ते केलं. लिव्हर मुद्दाम अर्धवट मारला. पुरता खाली न नेता, थोडा आधीच वर ओढला. नळीतलं काडतूस बाहेर पडलंच नाही, खालचं निम्मं पाळण्यावर आलं, आणि लिव्हर तिथेच थांबला. वर येईना, खाली जाईना.

भिंतीपलीकडे पॉलिश पेपरचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. दोष सापडला."

"कुठे?"

"दादांच्या हातात."

ते दारात आले, हाताला भुसा, चष्मा कपाळावर. अडकलेल्या बंदुकीकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे. "घाबरला असेल माणूस. अंगावर डुक्कर आलं की तूही अर्धवटच मारशील."

"मी नाही मारणार."

"बरं, तू नाही," ते म्हणाले आणि भुशात परत गेले. मला हरवायची त्यांची हीच रीत आहे, लगेच कबूल होऊन मोकळे होतात.

घाबरण्याचं मला पटेना. नदीपलीकडचा थोरला डुकराला घाबरणारा माणूस नव्हता. जखमी जनावराच्या मागे लोक त्याला पाठवायचे आणि स्वतः झाडावर बसायचे. ती बंदूक त्याच्याकडे धाकट्याच्या जन्माआधीपासून होती. इतक्या वर्षांत जो हात लिव्हर पुरता मारत आला तो एके दिवशी अर्ध्यावर का थांबेल? पण हा प्रश्न माझ्या कामाचा नव्हता. माझं काम लोखंडाचं. खाच होती, ती मी भरली. धातूचा बारीक थर चढवला, कानशीने उतरवला, दगडावर घासून आरशासारखा केला, लिव्हरच्या नाकाची धारही घासून बोथट केली. आमच्या ह्यांनी दस्त्यातली चीर भरून आतून खुंटी घातली. चीर कुठे होती ते बोट लावूनही कळत नव्हतं. मी बंदूक पुन्हा चालवली. घड्याळ चालावं तशी चालली. स्वतःच्या कामावर मी सहसा खूश होत नाही. त्या दिवशी झाले.

धाकट्याला फोन केला. "पाळणा झिजला होता. भरलाय. दादांना घेऊन या, त्यांनी चालवून बघायला हवी."

"म्हणजे पाळण्यानेच अडकली ना, ताई?"

"झिजलेल्या पाळण्याने बंदूक अडकू शकते," मी म्हणाले. मी खोटं बोलत नाही. अपुरं बोलायला मात्र मला चांगलं जमतं.

"त्याने स्वतः चालवायलाच पाहिजे का? मी चालवली तर?"

"बंदूक कुणाची आहे?"

"त्याची."

"मग त्यांनीच."

दोघे आले. थोरला उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, मिशीचं टोक न टोक जागेवर. दुकानात सगळीकडे नजर फिरवली, फक्त भावाकडे सोडून. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "बसायला आलो नाही, बाई. काय निघालं ते दाखवा."

मी पाळण्याची जागा दाखवली, खाच कुठे होती ते सांगितलं. तो वाकून, डोळे बारीक करून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडत गेलं. "मी हिला म्हणत होतोच," तो म्हणाला. हिला म्हणजे बायकोला, जी तिथे नव्हती. "म्हणत होतो, लिव्हर हाताला काहीतरी वेगळाच लागला."

आणि पहिल्यांदाच त्याने धाकट्याकडे बघितलं. झटकन, चोरून, पण बघितलं. धाकट्याची मान खाली होती.

"आता चालवून बघा," मी म्हणाले.

"तुम्ही बघितलीत ना? झालं तर मग."

"माझ्या दुकानाचा नियम आहे."

"ताई, राहू दे ना," धाकटा म्हणाला.

"नियम तो नियम," मी म्हणाले. आता वाटतं, जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. पण मला माझं काम कुणीतरी चालवून बघायला हवं होतं. एवढं सुरेख काम केल्यावर कुणाला नको असतं?

थोरल्याने बंदूक उचलली. ती त्याच्या खांद्याला लागताक्षणी कळलं की हा माणूस या बंदुकीबरोबर म्हातारा झालाय. त्याने भिंतीकडे नेम धरला आणि लिव्हर मारला. छान. पितळी काडतूस उडून टेबलाखाली गेलं. दुसऱ्यांदा मारला. काडतूस बाहेर पडलं, पण आधीच्याइतकं लांब गेलं नाही. मी आता बंदुकीकडे बघत नव्हते. त्याचा उजवा खांदा वर चढला होता, कानाकडे, आणि कोपर बाहेर फेकल्यासारखं झालं होतं. दुखणाऱ्या खांद्याचा माणूस फडताळातून डबा काढताना करतो तसं. कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदा लिव्हर निम्म्याच्या थोडा पुढे गेला आणि हात तिथेच संपला. त्याने तो परत ओढला.

बंदूक अडकली.

थोरल्याने लिव्हर एकदा हलवून बघितला, मग दुसऱ्यांदा, आणि मग तो हलवायचं थांबला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

मी हात पुढे केला. मला फक्त एक करायचं होतं. बंदूक त्याच्या हातातून घ्यायची, काडतूस मोकळं करायचं आणि उरलेली सगळी फटाफट काढून दाखवायची. हे बघा, बंदुकीत काही नाही. माझं काम चोख आहे. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या.

"अजून अडकतेच आहे," धाकटा मोठ्याने म्हणाला. थोरल्याला नाही, मला. "ताई, तुमची दुरुस्ती झालीच नाही. पाळणा अजून तसाच आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. त्या नजरेत दरडावणं नव्हतं. तो भीक मागत होता.

मी बंदूक घेतली. टेबलावर आडवी ठेवली, काडतूस मोकळं केलं आणि पाळणा बोटाने दाबून बघितल्याचं नाटक केलं. आयुष्यात मी कधी नाटक केलेलं नव्हतं, त्यामुळे ते जमलं की नाही कोण जाणे.

"हो," मी म्हणाले. "नाही जमलं मला. धातू आतून गेलाय. भरला तरी धरत नाही. असा सुटा भाग आता मिळतही नाही. या बंदुकीवर कुणी भरवसा ठेवू नये."

"म्हणजे पहिल्यापासून बंदुकीतच होतं," थोरला म्हणाला.

"पहिल्यापासून."

तो मी मघाशी पुढे केलेल्या खुर्चीवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा खाली गेला. मग म्हणाला, "एवढे दिवस ठेवून घेतलीत आणि हे केलंत? लोक उगाच तुमचं नाव घेतात."

"उगाचच," मी म्हणाले. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हणाले.

"ठेवून घ्या ती इथेच. मोडीत काढा. दुसरी मला नको, आता या वयात कोण नव्या बंदुकीची सवय करतो." तो उठला आणि डावा हात भावाच्या पाठीवर ठेवला. "चल. तुझी वहिनी जेवायला थांबली असेल. तू इथेच थांब, मी गाडी दारात आणतो. गाडीपर्यंत चालत नको येऊस."

तो गेला. पाठमोरा तो आला होता त्यापेक्षा कमी ताठ होता, आणि मला वाटतं त्याला बरं वाटत होतं. त्याला खरं काय ते कळलं होतं का, हे मी सांगू शकत नाही. एखाद्याला कळलेलं असतं आणि नसतंही.

दार लागल्याबरोबर मी धाकट्यावर फिरले. "उद्या सगळ्या बाजारात होईल, बाईला पाळणा भरता येत नाही. चांगली धडधाकट बंदूक आहे ही."

"माहीत आहे, ताई."

"त्यांचा खांदा गेलाय."

"तेही माहीत आहे."

"कधीपासून?"

"शिकारीच्या आधीपासून. वहिनीने सांगितलं होतं. त्याला शर्टाची बाही चढवता येत नव्हती, पण कबूल करायचा नाही. जाऊ नको म्हटलं तर ऐकायचा नाही. म्हणून मीच म्हटलं, मीही येतो. वाटलं, त्याच्याजवळ राहीन."

"मग राहिलात ना जवळ," मी म्हणाले. राग अजून उतरला नव्हता. "डुक्कर समोरून येताना दिसलं नाही तुम्हाला? तुमच्याही हातात बंदूक होती."

"होती," तो म्हणाला. "पण मी डुकराकडे बघतच नव्हतो. मी दादाच्या खांद्याकडे बघत होतो."

बाहेर गाडी येऊन थांबली. थोरल्याने हॉर्न वाजवला नाही, खाली उतरून भावासाठी दार उघडून धरलं. धाकटा काठी टेकत पायऱ्या उतरायला लागला, आणि मी त्याला उतरताना बघत राहिले.